डब्यात टाक

किल्लेदाराला डाव्या पायाचा मोजा सापडत नव्हता. कपाट झालं, पलंगाखाली झालं, धुण्याची बादली झाली. शेवटी मोजा सापडला तो टीव्हीच्या वर. पण तेव्हा तो मोजा राहिलाच नव्हता. त्याचं घुबड झालं होतं. पोटात कापूस भरलेला, डोळ्यांच्या जागी किल्लेदाराच्याच जुन्या कोटाची दोन बटणं.

"अगं, हा माझा मोजा आहे!"

"होता," स्वयंपाकघरातून आवाज आला. "अंगठ्याला भोक पडलं होतं त्याच्या. तिथूनच चोच काढली. कशी दिसतेय?"

"आणि मी कामाला काय घालून जाऊ?"

"उजवा आहे ना अजून?"

एका पायात मोजा, एक पाय उघडा, असा किल्लेदार कामावर गेला आणि दिवसभर डावा पाय उजव्याच्या मागे लपवत राहिला.

तर त्याच्या घरावर ही साडेसाती 'टाकाऊतून टिकाऊ' नावाच्या वर्गाच्या रूपाने आली होती. वर्ग फोनवर चालायचा. फोनमधल्या ताई रोज दुपारी हसतमुखाने सांगायच्या, "मैत्रिणींनो, टाकाऊ असं जगात काहीच नसतं," आणि किल्लेदाराची बायको मान डोलवायची. पुढे घरातल्या वस्तू एकेक करून जागेवरून उठल्या. छत्रीच्या काड्यांचा दिवा झाला. मिक्सरच्या भांड्यात मनीप्लांट आला. स्कूटरच्या टायरला सुतळी गुंडाळून त्याचं बैठं स्टूल झालं. त्याच्यावर बसलं की गुडघे कानाला लागत आणि उठायला दुसरं माणूस लागे. किल्लेदाराची जुनी पँट तर उशीच्या अभ्र्याच्या रूपाने सोफ्यावर पडलेली असायची, खिशासकट. पाहुणे त्या खिशात हात घालून बघायचे आणि म्हणायचे, "वा, काय डोकं आहे वहिनींचं!"

वहिनींचं डोकं होतं हे किल्लेदाराला मान्य होतं. त्याची तक्रार एवढीच होती की या घरात सकाळी जी वस्तू जी होती ती संध्याकाळी तीच असेल याचा भरवसा उरला नव्हता.

भरवसा होता तो स्टोअरचा. किल्लेदार हे काही त्याचं आडनाव नव्हे. नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा, आणि स्टोअरची एकुलती एक किल्ली त्याच्या खिशात असायची, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. त्यांनी ठेवलं चेष्टेने, त्याने घेतलं मानाने. स्टोअरमध्ये वॉशर हा वॉशरच राहायचा. पितळी नळ पितळी नळाच्या खणात, तोट्या तोट्यांच्या खणात. कशाचंही घुबड होत नसे. किल्ली बोटाएवढी लांब, भरीव पितळेची. सुट्टीच्या दिवशी तो ती राखेने घासून चकचकीत करायचा. जोडीला एक दुसरी किल्ली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने ओतशाळेच्या भट्टीत टाकली होती. "दोन किल्ल्या म्हणजे दोन मालक," असं त्याचं म्हणणं.

आता खरं सांगायचं तर मोजणीच्या वेळी दर खेपेला माल थोडा कमी भरायचा. चार-दोन नळ, मूठभर वॉशर. पण कुलूप शाबूत, किल्ली खिशात, मग माल जाणार कुठे? अर्थात ओतशाळेनेच कमी पाठवला असणार! या एका मुद्द्यावरून किल्लेदाराने ओतशाळेच्या फोरमनशी बोलणं टाकलं होतं, आणि समोरून फोरमन आला की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जायचा.

अशात कारखान्यात नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्याने सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "हे किल्ली प्रकरण बंद करू. आकड्यांचं कुलूप लावू. आकडा सगळ्या फोरमनना माहीत असेल, कुणाचं काम अडणार नाही."

किल्लेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, पण तो उभा राहिला.

"साहेब, आकडा हा याच्या तोंडून त्याच्या कानात जातो. किल्ली एका खिशात राहते. माझ्या हातून आजवर सुई हरवलेली नाही. ज्या दिवशी ही किल्ली हरवेल त्या दिवशी मी आपण होऊन स्टोअरची खुर्ची सोडीन आणि गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसेन!"

"ठरलं तर," मॅनेजर हसून म्हणाला. "आता दोन दिवस जोडून सुट्टी आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सकाळी आपण स्टोअरची मोजणी करू. तुम्ही दार उघडा. तुमची व्यवस्था चोख दिसली तर आकड्यांचं कुलूप रद्द. आणि हो, उद्या संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या नव्या घरी चहाला या."

किल्लेदार त्या संध्याकाळी घरी आला तो छाती फुगवून. एवढं बोललो आपण! कपडे उतरवून खुंटीला लावले, न्हाणीघरात शिरला आणि डोक्याला साबण लावल्यावर त्याला आठवलं की किल्ली शर्टाच्या खिशात राहिली. कपाटावर त्याचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असायचा. घरी आलं की किल्ली त्या डब्यात जायची, हा नेम. तो आतूनच ओरडला, "अगं, शर्टाच्या खिशात किल्ली आहे! ती डब्यात टाक गं!"

"टाकली!" बाहेरून उत्तर आलं.

किल्लेदार निश्चिंत मनाने डोक्यावर पाणी ओतू लागला. आयुष्यात इतक्या निश्चिंत मनाने त्याने पुन्हा कधी आंघोळ केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायको गॅसपाशी काहीतरी लालबुंद करून पकडीने वाकवत होती. घरभर जळकट वास सुटला होता. किल्लेदाराने काय चाललंय ते विचारलं नाही. बायकोच्या कलाकृतीकडे निरखून पाहायचं नाही, हे त्याने मनःशांतीसाठी केव्हाच ठरवून टाकलेलं. संध्याकाळी रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी सपाट तिने त्याच्या हातात दिलं. "साहेबांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं का? धरा नीट. हाताने केलेलं आहे."

मॅनेजरच्या घरी ते कागदातून निघालं आणि मॅनेजरीणबाईंनी "अय्या!" म्हणून गालाला हात लावला. जुन्या कपाटाच्या फळीचा तुकडा घासूनपुसून गुळगुळीत केलेला, त्यावर सोनेरी रंग दिलेल्या जुन्या किल्ल्या ओळीने बसवलेल्या. प्रत्येक किल्लीचं वरचं डोकं स्क्रूने फळीला पक्कं, आणि खालची दांडी वर वळवून आकडी केलेली.

"किल्ल्या अडकवायचा बोर्ड आहे," बायको लाजत म्हणाली. "किल्ल्यांचाच केलाय."

"किल्ल्यांना अडकवायला किल्ल्या! काय कल्पना आहे हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅनेजर तर फारच खूष झाला. "किल्लेदार, हा आत्ताच लावायचा. खिळा कोण ठोकतंय?"

किल्लेदाराला आजवर बायकोच्या हस्तकलेमुळे कुणी असं जवळ केलं नव्हतं. तो पुढे झाला, दाराशेजारच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने खिळा ठोकला, स्वतःच्या हाताने बोर्ड टांगला, सरळ लटकतोय ना ते एक डोळा मिटून पाहिलं. मॅनेजरने मधल्या सगळ्यात लांब आकडीला आपल्या गाडीची किल्ली अडकवली आणि टाळ्या पडल्या. किल्लेदारानेही वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी तो वाटीत राख घेऊन बसला. उद्या मोजणी, किल्ली कशी आरशासारखी चमकली पाहिजे. डबा काढला, उघडला. आत सुतळीचा गुंडा, एक दाढीचं पातं आणि पॉलिशच्या डबीचं झाकण. त्याने डबा उलटा केला. सुतळी पडली, पातं पडलं, झाकण पडलं.

"अगं, किल्ली कुठे आहे?"

"कुठली?"

"परवा तुला सांगितलं नव्हतं का, डब्यात टाक म्हणून?"

"टाकली की."

"डब्यात नाहीय ती!"

"या डब्यात नाही हो," बायको दाराआडचा भला मोठा प्लॅस्टिकचा डबा दाखवत म्हणाली. त्यावर तिनेच सुबक अक्षरात लिहिलं होतं: टाकाऊ. "या डब्यात. तुम्हीच म्हणालात ना, डब्यात टाक. मला किती बरं वाटलं! म्हटलं, चला, यांनी एकदा तरी आपण होऊन काहीतरी दिलं."

किल्लेदार राखेची वाटी घेऊन तसाच खाली बसला. "मग आता आहे का ती त्यात?"

"त्यात कशी असेल? बोर्डाला लावली. लांब, भरीव, सगळ्यात देखणी होती, म्हणून मुद्दाम मधे लावली तिला."

मधली! त्याच्या डोळ्यांपुढे ती सोनेरी आकडी आली, तिला लटकणारी गाडीची किल्ली आली, आणि आपण वाजवलेल्या टाळ्या आल्या.

"अगं, टाक म्हणजे ठेव!" तो ओरडला.

"मग ठेव म्हणायचं."

"पत्र पेटीत टाकतात, ते फेकतात का? चहात साखर टाकतात, ती फेकतात का?"

"चहात साखर घालतात. टाकत नाहीत."

"पाऊल टाकतात! रजा टाकतात! विश्वास टाकतात माणसं एकमेकांवर!"

"आणि बाई नवऱ्याला टाकते, तेव्हा?" बायको शांतपणे म्हणाली. "तेव्हा काय डब्यात ठेवते का त्याला?"

व्याकरणात हरलेला माणूस करणार काय! किल्लेदाराने तिला खुर्चीची पैज सांगितली, मोजणी सांगितली, गेटवरची टपरी सांगितली. बायकोचा चेहरा उतरला. तिला खरंच वाईट वाटलं. ती म्हणाली, "मी येते तिकडे. सरळ सांगते त्यांना, चुकून झालं म्हणून."

"खबरदार! माझ्या हातून सुई हरवलेली नाही असं सांगून बसलोय मी चारचौघांत!"

त्याने खिशात स्क्रूड्रायव्हर घातला आणि सायकल काढली. मॅनेजरच्या घराखाली सायकलला नीट कुलूप लावलं, त्याची किल्ली खिशात टाकली, ठेवली म्हणा, आणि वर जाऊन घंटी वाजवली. मॅनेजर केस कापायला गेला होता. मॅनेजरीणबाई एकट्याच होत्या. किल्लेदाराला वाटलं, चला, नशीब अगदीच काही फुटकं नाही आपलं.

"बोर्डाचं फिनिशिंग राहिलंय जरा," तो म्हणाला. "आमच्या हिला चैन पडेना."

"किती बाई मन लावून करतात त्या! करा ना, करा." असं म्हणून मॅनेजरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या समोरच बसल्या. "मला बघायचंच आहे कसं करतात ते."

किल्लेदार रुमालाने एकेक आकडी पुसू लागला. पुसून पुसून रंग निघायची वेळ आली, बाई काही हलेनात. त्याने पाणी मागितलं. पाणी शेजारच्या टेबलावरच होतं. त्याने फडकं मागितलं. त्यांनी पदराखालचा नॅपकिन दिला. शेवटी तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, एक कप चहा मिळेल का?"

बाई आत गेल्या. किल्लेदाराने दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून मधल्या आकडीवरची गाडीची किल्ली काढून पँटच्या खिशात घातली आणि स्क्रूला हात घातला. स्क्रू निघाला, आकडी हातात आली. पण बोर्डाच्या ऐन मध्यावर आता दात पडल्यासारखी फट दिसत होती. आतून कपबशी वाजली. किल्लेदाराने खिसा चाचपला, सायकलची किल्ली हाताला लागली, ती त्याने फटीच्या जागी ठेवली आणि स्क्रू आवळून टाकला.

"हे काय, मधली बदललीत?" बाईंनी चहाचा कप पुढे करत विचारलं.

"हो, ती... जड होती. ही नवीन पद्धत आहे. सरळ आकडी."

"पण सरळ आकडीवर किल्ली राहणार कशी?"

"राहत नाही," किल्लेदार चहा एका घोटात संपवत म्हणाला. जीभ पोळली. "ती शोभेची आहे."

खाली येऊन तो सायकलपाशी उभा राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की सायकलला कुलूप आहे. वर जाऊन काय सांगणार? शोभेची आकडी परत द्या? त्याने सायकल उचलून खांद्यावर घेतली. रस्ताभर लोक वाट देत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पंक्चर का हो?" किल्लेदार म्हणाला, "नाही, नवीनच आहे." आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने आकडी फरशीवर ठेवली आणि हातोडी घेतली. पितळेचा स्वभाव कारखान्यातल्या माणसाला काय सांगायचा! एकदा वाकतं, दुसऱ्यांदा मोडतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बुडणारा माणूस काडीला धरताना काडीचा स्वभाव पाहत नाही. त्याने हळूच एक टोला दिला. आकडी थोडी उघडली. दुसरा दिला, आणखी उघडली. किल्लेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या टोल्याला टक्कन आवाज झाला आणि किल्लीचे दोन तुकडे झाले.

बायको शेजारी येऊन बसली. मग तिने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले, उजेडात धरले आणि समजूत घालायची म्हणून म्हणाली, "एका परीने बरं झालं. आता यांचे कानातले होतील."

किल्लेदाराने तिच्या हातून तुकडे घेतले आणि खिशात घातले. रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी तो तीच पँट घालून पायीच निघाला. निघताना टीव्हीवरच्या घुबडाने त्याच्याकडे पाहिलं. स्टोअरच्या दारात सगळे जमले होते: फोरमन, कामगार, शिपाई. फक्त मॅनेजर नव्हता. कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस, आज पत्ता नाही. अखेर तो रिक्षातून उतरला तोच कपाळाला आठ्या घालून.

"गाडीची किल्ली सापडत नाहीय," तो म्हणाला. "सगळं घर पालथं घातलं. बायको म्हणते मी हरवली, मी म्हणतो तिने."

किल्लेदाराच्या काळजात एकदम उजेड पडला. साहेबाचीही किल्ली हरवली! म्हणजे हरवते, चांगल्या चांगल्यांची हरवते! त्याला साहेबाबद्दल अपार माया वाटली. तो पुढे होऊन म्हणाला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. माणूस म्हटला की होतं असं हातून."

"म्हणूनच तर म्हणतो, आकड्यांचं कुलूप!" मॅनेजर म्हणाला. "ते राहू द्या. उघडा तुम्ही दार."

आता वेळ आलीच होती. किल्लेदाराने ठरवलं, खोटं बोलायचं नाही. तुकडे दाखवायचे, सगळं सांगायचं आणि सरळ गेटवर चालू लागायचं. त्याने खिशात हात घातला, हाताला लागलं ते सगळं मुठीत घेतलं आणि मूठ सगळ्यांसमोर उघडली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही. तळहातावर पितळेचे दोन तुकडे होते, आणि त्यांच्यामध्ये मॅनेजरच्या गाडीची किल्ली.

ओतशाळेचा फोरमन घड्याळाकडे बघू लागला.

"ही माझी किल्ली आहे," मॅनेजर म्हणाला.

"हो साहेब. ती काढल्याशिवाय माझी निघत नव्हती."

"तुमची कुठली?"

"स्टोअरची. तुमच्या किल्लीच्या खाली होती."

"माझ्या किल्लीच्या खाली? कुठे?"

"तुमच्या घरी. बोर्डावर."

मॅनेजरने कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे, मला नीट समजू द्या. स्टोअरची किल्ली काल सकाळपर्यंत माझ्या घरी भिंतीवर माझ्या गाडीची किल्ली घेऊन लटकत होती?"

"हो साहेब." किल्लेदाराने मूठ मिटली. "खिळा मीच ठोकला."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. डबा सांगितला, दुसरा डबा सांगितला, साबण सांगितला. शेवटी म्हणाला, "किल्ली गेली. दुसरी नाही. कुलूप आता तोडावं लागेल. मी शब्दाचा पक्का आहे साहेब, मी गेटवर जातो." एवढं बोलून तो खाली मान घालून उभा राहिला. उजव्या पायात मोजा होता, डाव्या पायात नव्हता.

हे काही शिपायाला बघवेना. शिपाई मनाचा फार मऊ. तो पुढे झाला.

"अहो, एवढ्या तेवढ्या किल्लीपायी कशाला जिवाला लावून घेता?" तो किल्लेदाराला म्हणाला. त्याने कुलूप हातात धरलं, किंचित वर उचललं आणि हलकेच ओढलं. कुलूप जसंच्या तसं बंद, कडी तशीच, आणि ज्यात ती कडी अडकायची तो कोयंडा स्क्रूंसकट चौकटीतून अलगद बाहेर आला. दार आपल्या आपण उघडलं. "हे बघा! आत जाऊन या, मग परत खोचायचं. कागदाची घडी घातली की घट्ट बसतं."

किल्लेदार त्या भोकांकडे पाहत राहिला. चौकट आतून पार भुसा झाली होती. भोकात वर्तमानपत्राचा घडी घातलेला कपटा होता, तोही जुना होऊन पिवळा पडलेला.

"हे... हे कधीपासून असं आहे?"

"मी लागलो तेव्हापासून तर असंच आहे. मला आधीच्या शिपायाने दाखवलं होतं."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. एवढे कामगार, पण जमिनीकडे न बघणारा एकही सापडेना. शेवटी ओतशाळेच्या फोरमनने घसा साफ केला. किती काळाने दोघे एकमेकांशी बोलत होते!

"तुम्ही जेवल्यावर जरा डुलकी घेता ना," तो म्हणाला. "दोन वॉशरसाठी तुमची झोप कशाला मोडायची? आणि आमच्याशी तर तुम्ही बोलणंच टाकलेलं. मागणार तरी कोणत्या तोंडाने?"

किल्लेदाराला वाटलं, आता साहेब चिडेल, ओरडेल, आपल्याला गेटवर धाडेल. गेटवरची टपरी त्याला एकदम हवीहवीशी वाटू लागली. तिला दार नव्हतं. पण मॅनेजर चिडला नाही. त्याने किल्लेदाराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच जास्त लागलं.

"गेटवर कशाला जाता? किल्ली हरवली तर खुर्ची सोडीन म्हणालात. पण या दाराला किल्ली लागतच नव्हती. जी लागतच नाही, ती हरवली काय आणि राहिली काय! बसा तुमच्या खुर्चीत. नवी चौकट बसवू, आकड्यांचं कुलूप लावू." जाता जाता तो मागे वळला. "आणि आकडा तुम्हालाही सांगू."

तुम्हालाही! किल्लेदार दिवसभर खुर्चीत बसून होता. कामगार यायचे, हवं ते घ्यायचे आणि आता लपवायचं काही उरलं नसल्यामुळे त्याला बघून प्रेमाने हसायचे. जेवण झाल्यावर त्याला झोप आली नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत ते कुलूप, बंदच्या बंद, कडी-कोयंड्यासकट. शिपायाने आठवण म्हणून आणून दिलं होतं. बायको जमिनीवर पसारा मांडून बसली होती. एका फुटक्या आरशाभोवती चमचे चिकटवायचं काम चाललं होतं.

"काय झालं हो?"

"काही नाही. खुर्ची राहिली."

"बघा! मी म्हणत होते ना, होईल सगळं ठीक?" तिने पिशवीतून कुलूप काढलं आणि तिचे डोळे लकाकले. "अगबाई, काय वजनदार आहे! हे घरी आणलंत?"

"हं. टाक."

बायको उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिने वळून फार जपून विचारलं, "कुठल्या डब्यात?"

किल्लेदाराने कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. मग दाराआडच्या मोठ्या डब्याकडे पाहिलं. तो दाराआड गेला आणि मोठ्या डब्याशेजारच्या टायरच्या स्टुलावर बसला. गुडघे कानाला लागले.

"अहो, तिथे काय बसताय? तो टाकाऊचा कोपरा आहे."

"माहीत आहे," किल्लेदार म्हणाला आणि बसून राहिला.

बायकोने त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. डब्यातली एखादी वस्तू हातात घेऊन ती पाहायची तसंच. मग ती आरसा उचलून त्याच्यापाशी आली, खाली बसली आणि एका चमच्यावर त्याचं बोट दाबून ठेवलं.

"धरा हे. गोंद वाळेपर्यंत हलायचं नाही."

"किती वेळ लागेल?"

"लागेल बराच," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे जायचंय?"

किल्लेदाराने बोट घट्ट दाबून धरलं.